ऑफ-कॅमेरा फ्लॅश घ्यायचाय? आधी ट्रिगर ठरवा

प्री-वेडिंग, हळद, डोहाळजेवण अशी बाहेरची कामं घ्यायला लागलात की सूर्य आपल्या सोयीने कधीच नसतो हे लगेच कळतं. सकाळी अकराला डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. संध्याकाळी मागचं आकाश झकास येतं आणि समोरची माणसं काळी होतात. कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश मारला तर चेहरे सपाट आणि तेलकट. यावरचा उपाय जुना आहे: फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, स्टँडवर ठेवायचा आणि बिनतारी ट्रिगरने उडवायचा.

दहा-वीस हजारांत हे काम उत्तम होतं. पण नवी मंडळी बहुतेक उलट्या क्रमाने खरेदी करतात. आधी सेलमध्ये स्वस्त पडला म्हणून एक फ्लॅश, मग त्याला चालेल असा ट्रिगर, मग दुसऱ्या कंपनीचा दुसरा फ्लॅश, आणि शेवटी बॅगेत एकमेकांशी न बोलणारी चार यंत्रं. फ्लॅश कुठलाही आला तरी प्रकाश प्रकाशच असतो, पण ट्रिगर ही सोयरीक आहे. एकदा केलीत की पुढची सगळी देवाणघेवाण त्याच घरात होणार. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका.

१. आधी स्वतःचा कॅमेरा तपासा

कॅमेऱ्याच्या डोक्यावर जिथे फ्लॅश सरकवतात ती खाच म्हणजे हॉट शू. तिच्या मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो. शटर उघडलं की त्या ठिपक्यातून फ्लॅशला इशारा जातो. बाजूचे बारीक ठिपके प्रत्येक कंपनीच्या खास भाषेसाठी, म्हणजे टीटीएल (कॅमेरा स्वतःच फ्लॅशची ताकद ठरवतो ती सोय) वगैरेसाठी असतात.

आता पहिला सापळा. आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात सर्रास दिसणारे कॅननचे १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या तिन्हींवर हा मधला ठिपकाच नाही. फक्त मधल्या ठिपक्यावर चालणारा साधा स्वस्त ट्रिगर यांच्यावर लावला तर काहीही होत नाही. ट्रिगरही बरा असतो, फ्लॅशही बरा असतो, आणि माणूस दुकानदाराशी भांडत बसतो. हे कॅमेरे असतील तर कॅननसाठीच बनवलेला टीटीएल ट्रिगर लागतो, तोही नव्या फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा). आणि आपला कॅमेरा दुकानात नेऊन, प्रत्यक्ष उडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे सिंक स्पीड. शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून बंद करत येतो. एका ठराविक वेगापर्यंत मध्ये एक क्षण असा येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो. फ्लॅश त्याच क्षणी उडायला हवा. त्या वेगाच्या पुढे गेलात की दुसरा पडदा आधीच निघालेला असतो आणि फोटोत एका बाजूला काळी पट्टी येते. कॅननच्या १५००डीवर आणि निकॉनच्या डी३५००, डी७५० वर ही मर्यादा १/२०० आहे, सोनीच्या ए६४०० वर १/१६०, ए७ थ्रीवर १/२५०. तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा मॅन्युअलमध्ये शोधा आणि पाठ करा.

या मर्यादेपलीकडे जायचं असेल तर हाय स्पीड सिंक, म्हणजे एचएसएस लागतं. फ्लॅश एकदाच न उडता अतिवेगाने लुकलुकत राहतो आणि पडद्यांमधली फट सरकत असताना सगळ्या सेन्सरवर प्रकाश पडतो. पण ते कॅमेऱ्यालाही जमायला हवं. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत (डी३५००, डी५६०० धरून) ही सोय नाही. ज्यांच्याकडे हे कॅमेरे आहेत त्यांनी ‘एचएसएस आहे’ या जाहिरातीसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

२. ट्रिगरचं घराणं निवडा

कमी बजेटमध्ये आज खरे पर्याय तीन-चारच आहेत.

*गोडॉक्सची एक्स यंत्रणा.* २.४ गिगाहर्ट्झवर चालते. रिसीव्हर फ्लॅशच्या पोटातच असतो, त्यामुळे खाली वेगळी डबी लटकवावी लागत नाही. कॅमेऱ्यावर एक्स२टी, एक्सप्रो किंवा एक्स३ असा ट्रिगर लावायचा. तिथूनच प्रत्येक फ्लॅशची ताकद कमी-जास्त करता येते. स्टँड सहा फूट वर आहे, खाली चिखल आहे, आणि प्रत्येक वेळी फ्लॅशपाशी जाऊन बटण दाबायचं नाही, याची किंमत पहिल्याच पावसाळी शूटला कळते.

यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. ट्रिगर कॅमेऱ्याच्या कंपनीप्रमाणे घ्यावा लागतो, कॅननला वेगळा, निकॉनला वेगळा, सोनीला वेगळा. फ्लॅश मात्र कॅमेऱ्याबाहेर असताना कुठल्याही कंपनीच्या ट्रिगरला जुमानतो. कॅननसाठीचा गोडॉक्स फ्लॅश सोनीच्या ट्रिगरवर चालतो. म्हणजे उद्या कॅमेरा बदललात तर फक्त ट्रिगर बदलायचा, फ्लॅश तसेच. मित्राचा निकॉनवाला फ्लॅशही लग्नाच्या दिवशी उसना आणता येतो.

*योंगनुओची ५६० मालिका.* वायएन५६० थ्री आणि फोर हे मॅन्युअल फ्लॅश, आणि त्यांची ताकद लांबून बदलायला ५६०-टीएक्स हा ट्रिगर. एके काळी स्वस्त फ्लॅश म्हणजे हेच. सेकंड हँडमध्ये भरपूर सापडतात आणि दणकट आहेत. पण यांना एचएसएस नाही, आणि या वाटेने पुढे मोठ्या बॅटरीवाल्या फ्लॅशकडे जायला रस्ता अरुंद आहे. फुकटात किंवा अगदी पडत्या भावात मिळाले तर घ्या. नवीन सुरुवात करायची असेल तर मी यांच्याकडे वळणार नाही.

*सुटे ट्रान्समीटर-रिसीव्हर.* एक डबी कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली. फक्त ‘उड’ एवढंच सांगतात. ताकद हातानेच बदलायची. घरात जुना फ्लॅश पडून असेल तर त्याला जिवंत करायला ठीक.

*ऑप्टिकल स्लेव्ह.* दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट बघून उडणारा. स्टुडिओत झकास, उन्हात बेभरवशाचा. आणि लग्नात तर प्रत्येक पाहुण्याच्या फ्लॅशला तुमचा फ्लॅश उत्तर देत बसतो.

माझं मत उघड आहे: ट्रिगर गोडॉक्सचा घ्या. तो सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे. आपल्याकडे गावोगावच्या फोटोग्राफरकडे तोच आहे, म्हणून. उसनवारी, दुरुस्ती, जुन्याची विक्री, सगळं सोपं जातं. एक्स२टीच्या डोक्यावर आणखी एक हॉट शू असतो आणि तो स्वस्त पडतो. एक्सप्रोचा पडदा मोठा आहे आणि गटांची बटणं समोर आहेत, त्यामुळे घाईत बरा. हे दोन्ही पेन्सिल सेलवर चालतात. एक्स३ इवलासा, टचस्क्रीनचा, आतल्या बॅटरीचा आहे. देखणा आहे, पण चार्ज संपला तर गावात सेल विकत घेऊन काम चालत नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवणार असाल तर तिथे फ्लॅशपॉइंट नावाने विकले जाणारे बरेच फ्लॅश मुळात गोडॉक्सचेच असतात आणि त्यांची आर२ यंत्रणा म्हणजे हीच एक्स यंत्रणा. चालतील. वॉरंटी मात्र तिथलीच.

३. किती ताकद लागेल, हे कागदावर मांडा

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, म्हणून थोडं सविस्तर.

भर उन्हाचा ढोबळ नियम असा: आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/१६, शटर १/१००. तेच १/२०० ला एफ/११. म्हणजे सिंक स्पीडच्या आत राहून दुपारी फोटो काढायचा तर तुमच्या फ्लॅशला एफ/११ च्या तोडीचा प्रकाश टाकता यायला हवा. साधा स्पीडलाइट, म्हणजे हाताएवढा सेलवाला फ्लॅश, उघडा आणि पूर्ण ताकदीवर असेल तर दोन मीटरवरून हे सहज करतो. त्याच्यापुढे पांढरी छत्री लावलीत की साधारण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) प्रकाश गळतो आणि तुम्ही एफ/८ च्या आसपास येता. म्हणजे दुपारी, छत्रीसकट, एका स्पीडलाइटचा जीव थोडक्यात अपुरा पडतो. आणि पूर्ण ताकदीवर सतत उडवलात तर तो तापून मध्येच बंद पडणार.

खोक्यावर लिहिलेल्या गाइड नंबरवर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीच्या जीएन आकड्यावर, जाऊ नका. ‘जीएन ६०’ हा आकडा फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटर झूमवर असतानाचा आहे, म्हणजे सगळा प्रकाश एका बारीक झोतात कोंबून मिळवलेला. छत्रीत टाकायला डोकं रुंद केलंत की तो आकडा पार उतरतो. दोन फ्लॅशची तुलना करायची तर एकाच झूमवरचे आकडे ताडून बघा.

मग काय करायचं? पैसे न घालवता पहिली गोष्ट म्हणजे फ्लॅश जवळ आणा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, आणि उलटही खरं. दोन मीटरवरून १.४ मीटरवर आणलात तर अख्खा एक स्टॉप फुकट मिळतो. दुसरी म्हणजे जोडप्याला सावलीच्या कडेला उभं करा. वडाखाली किंवा देवळाच्या ओसरीत तीन स्टॉप अंधार मिळाला की तोच किरकोळ फ्लॅश राजा होतो.

तिसरा उपाय विकतचा. दोन स्पीडलाइट एकाच कंसावर लावले तर एक स्टॉप वाढतो. गोडॉक्सचा एडी२०० घेतलात तर त्याची ताकद २०० वॉट-सेकंद आहे. गोल डोक्याच्या व्ही१ ची ७६ आहे. फरक जवळपास दीड स्टॉप. ज्यांची कामं दुपारच्या मुहूर्ताची आणि समुद्रकिनाऱ्याची असतात त्यांनी दोन-तीन किरकोळ फ्लॅश गोळा करण्यापेक्षा थांबून एडी२०० घ्यावा. ज्यांची कामं संध्याकाळची, मंगल कार्यालयातली, अंगणातली आहेत त्यांना त्याची गरज नाही.

राहिला मागचा भाग धूसर करण्याचा हट्ट. एफ/२.८ ला दुपारी फोटो हवा तर शटर १/३२०० च्या घरात जातं, म्हणजे एचएसएस आलं, आणि एचएसएसमध्ये फ्लॅश आधीच दोन-एक स्टॉप गमावतो. दुसरी वाट म्हणजे लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी करडी काच) लावून १/२०० वरच राहणं. यात फ्लॅशला एफ/११ इतकीच मेहनत पडते, एचएसएसची गळती होत नाही, आणि जुन्या योंगनुओवरही चालतं. तोटा एवढाच की डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो आणि फोकस चाचपडतो.

४. फ्लॅश निवडा

ट्रिगर आणि ताकद ठरली की ही पायरी छोटीच आहे.

पहिला फ्लॅश मॅन्युअल घ्या. गोडॉक्स टीटी६०० या कामाला पुरतो: १/१ पासून १/१२८ पर्यंत ताकद, आत रिसीव्हर, आणि ट्रिगरवरून चालवला तर एचएसएससुद्धा. स्टँडवर ठेवलेल्या फ्लॅशला टीटीएलची फारशी गरज नसते. माणूस जागचा हलत नाही, फ्लॅश हलत नाही, मग दर फोटोला कॅमेऱ्याने नव्याने अंदाज कशाला करायचा? टीटीएल लागतं ते वरातीत, जिथे अंतर क्षणाक्षणाला बदलतं. तशी कामं असतील तर टीटी६८५ किंवा लिथियमवाला व्ही८६०.

सेल की लिथियम, हा प्रश्न पैशांचा दिसतो पण वेळेचा आहे. चार पेन्सिल सेलवर पूर्ण ताकदीनंतर फ्लॅश पुन्हा तयार व्हायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात, आणि सेल उतरू लागले की चार, पाच, सहा. नवरीचं हसू तेवढं थांबत नाही. लिथियम पॅक साधारण दीड सेकंदात भरतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. सेलवरच जायचं असेल तर एनेलूपसारखे चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्या. किराणा दुकानातले अल्कलाइन वापरू नका, तापतात आणि लवकर बसतात. चार-चारचे संच करा, प्रत्येक संचावर मार्करने अक्षर लिहा आणि संच कधी मिसळू नका.

विमानाने जाताना सुटे लिथियम पॅक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही. एडी२०० ची बॅटरीसुद्धा १०० वॉट-तासांच्या बऱ्याच आत आहे, त्यामुळे अडवत नाहीत. टोकं मात्र टेपने झाका.

५. स्टँड, छत्री आणि वारा

फ्लॅशमध्ये वाचवलेले पैसे इथे घाला. सगळ्यात हलका स्टँड घेतलात तर घरात छान उभा राहतो आणि किनाऱ्यावर छत्रीसकट आडवा होतो. छत्री म्हणजे शीडच. वाऱ्याच्या जागी ती न लावता उघडा फ्लॅश वापरा किंवा एखादा लहान सॉफ्टबॉक्स. सहाय्यक असेल तर त्याला स्टँड धरून उभं करणं हा जगातला सर्वांत खात्रीचा उपाय. नसेल तर मातीने किंवा दगडांनी भरलेली पिशवी स्टँडच्या पायावर टाका. मधल्या दांड्याला उंच लटकवलेली पिशवी झुलते आणि उलट स्टँडच पाडते.

पहिल्या खेपेला एवढं पुरे:

- जाड नळीचा, सव्वादोन ते पावणेतीन मीटर उंच जाणारा एक स्टँड
- फ्लॅशची मान न धरता अंग पकडणारा एस प्रकारचा कंस (मान धरणारा स्वस्त कंस घेऊ नका, प्लॅस्टिकचा पाय तुटतो)
- ४३ इंची पांढरी, आरपार प्रकाश जाणारी छत्री
- नारिंगी सीटीओ जेलचे (फ्लॅशच्या काचेवर लावायच्या रंगीत पारदर्शक पट्टीचे) तुकडे, पूर्ण आणि अर्धा
- रिकाम्या कापडी पिशव्या, दोन मोठे प्लॅस्टिकचे कव्हर, रबरबँड

जेलविषयी एक शब्द. फ्लॅशचा प्रकाश दिवसासारखा, ५५०० केल्विनच्या आसपास. हळदीच्या मांडवातल्या पिवळ्या माळा ३००० च्या खाली. जेल न लावता फ्लॅश मारलात तर नवरी निळसर आणि मांडव केशरी दिसतो, आणि ते एडिटिंगमध्ये निस्तरता येत नाही, कारण एक सुधारलं की दुसरं बिघडतं. पूर्ण सीटीओ लावा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर ठेवा, काम संपलं.

६. दुकानात

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातलं कुचा चौधरी मार्केट या जुन्या बाजारपेठा. ऑनलाइन भाव थोडा कमी दिसतो, पण समोर उडवून बघण्याची सोय तिथे नाही. पहिला ट्रिगर तरी दुकानातून घ्या असा माझा आग्रह आहे. जाताना स्वतःचा कॅमेरा, चार्ज केलेले सेल आणि कार्ड घेऊन जा. मग हे करा:

- ट्रिगर कॅमेऱ्यावर सरकवा आणि हलवून बघा. सैल असेल तर दुसरा मागा.
- सिंक स्पीडवर एक फोटो काढा. खाली किंवा बाजूला काळी कडा येते का, बघा.
- फ्लॅश पूर्ण ताकदीवर सलग दहा वेळा उडवा. प्रत्येक वेळी उडायला हवा, वेळ थोडा वाढला तर चालेल.
- झूम बदला. डोक्यातली मोटर खरखरते का, ऐका.
- फ्लॅश काउंटरवर ठेवून तुम्ही रस्त्यावर जा, वीस पावलं. पाठ फिरवून उडवा.
- सेलच्या झाकणाची बिजागरी तपासा. या फ्लॅशमधला सगळ्यात कच्चा भाग तोच.

घेऊन यायची कागदपत्रं: फ्लॅश आणि ट्रिगर दोन्हींचे सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, आणि वॉरंटी दुकानाची आहे की भारतातल्या अधिकृत वितरकाची हे बिलावर लेखी. ‘बिल नको, पाचशे कमी करतो’ हे आमिष नेहमीचं. बिल घ्या. सगळ्याचे फोटो फोनमध्ये ठेवा, थर्मल कागदावरची शाई वर्षात उडते.

सेकंड हँड घेताना फ्लॅशच्या काचेआडची नळी बघा. टोकांना काळपट झाली असेल तर खूप राबलेला आहे. लिथियम पॅक थोडाही फुगलेला असेल तर फ्लॅश कितीही स्वस्त असो, पॅकची वेगळी किंमत धरा. आणि फार जुने, फिल्मच्या काळातले फ्लॅश हॉट शूवर थेट लावू नका. त्यांतल्या काहींच्या पिनेवर शंभर-दोनशे व्होल्टच्या पुढे दाब असतो. आजचे बरेच कॅमेरे तेवढं सोसायला बनवलेले नाहीत.

७. घरी जोडणी

लोकेशनवर पहिल्यांदा खोकं उघडायचं नाही. घरी, याच क्रमाने:

१. दोन्हींवर एकच चॅनेल ठेवा. ३२ आहेत. १ सोडून कुठलाही, कारण १ वर सगळेच असतात.

२. वायरलेस आयडी दोन्हींवर सारखा करा, १ ते ९९ मधला. मोठ्या लग्नात तीन-तीन फोटोग्राफर गोडॉक्सवाले असतात. आयडी नसेल तर दुसऱ्याच्या क्लिकवर तुमचा फ्लॅश उडतो आणि तुमच्या क्लिकला तो भरलेला नसतो.

३. फ्लॅश रिसीव्हर मोडमध्ये टाका आणि गट ए द्या. दुसरा असेल तर बी.

४. ट्रिगरवर गट ए मॅन्युअल, बाकीचे गट बंद.

५. कॅमेऱ्यावर मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ बंद. ऑटो आयएसओ चालू राहिला तर तुमचा अख्खा हिशेब कॅमेरा पाठीमागून मोडत राहतो.

६. मिररलेस असेल तर पडद्यावरचं एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करा (सोनीत याचं नाव सेटिंग इफेक्ट), नाहीतर पडदा काळा दिसतो. सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटरही बंद. बहुतेक कॅमेऱ्यांवर त्यात फ्लॅश उडतच नाही.

८. लोकेशनवर

आधी परवानगी. हातातल्या कॅमेऱ्याला कोणी काही म्हणत नाही, पण स्टँड आणि छत्री उघडली की तुम्ही ‘शूटिंगवाले’ झालात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत स्टँड लावून काम करायचं तर आधी अर्ज लागतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाईच आहे, चित्रांसाठी ती हवीच. अर्जासोबत ओळखपत्राची प्रत, तारीख-वेळ, माणसांची संख्या आणि सामानाची यादी द्या.

आता प्रत्यक्ष काम. समजा वाईजवळ मेणवलीचा घाट, सूर्य नुकताच मावळलाय, जोडपं पायऱ्यांवर, मागे कृष्णा. फ्लॅश बंद ठेवून सुरुवात करा. मागचं आकाश आणि पाणी डोळ्याला दिसतं त्याहून किंचित गडद येईपर्यंत सेटिंग बदला. समजा आकडे आले १/१६०, एफ/४, आयएसओ २००. जोडपं या फोटोत काळं दिसेल, दिसू द्या.

मग फ्लॅश. छत्री त्यांच्यापासून दीड मीटरवर, डोक्याच्या थोडी वर, एका बाजूला. ताकद १/८. फोटो बघा. चेहरे पांढरे पडले तर ट्रिगरवरूनच १/१६. एवढ्या अंतरावर, या सेटिंगला, साधारण इथेच गाडी थांबते.

दहा मिनिटांनी उजेड एक स्टॉप उतरला. आता फक्त शटर १/८० करा आणि बाकी कशालाही हात लावू नका. फ्लॅशचा लखलखाट शटरच्या वेळेपेक्षा कितीतरी छोटा असतो, त्यामुळे सिंक स्पीडच्या आत शटर बदललं तरी चेहऱ्यावरचा प्रकाश तेवढाच राहतो आणि फक्त आकाश उजळतं. अ‍ॅपर्चर किंवा आयएसओ बदललात तर मात्र दोन्ही बदलतात. हे एकदा हाताला बसलं की संध्याकाळच्या पाऊण तासात आकाशाच्या मागे पळावं लागत नाही.

९. फ्लॅश उडत नसेल तर

समोर पाहुणे उभे असताना डोकं चालत नाही, म्हणून क्रम ठरलेला बरा.

आधी ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबा. फ्लॅश उडला तर रेडिओ ठीक आहे, घोळ कॅमेरा आणि ट्रिगरच्या मध्ये: ट्रिगर पूर्ण सरकवलाय का, लॉक फिरवलाय का, सायलेंट शटर चालू आहे का. टेस्टलाही नाही उडला तर चॅनेल, आयडी, गट, आणि फ्लॅश झोपला आहे का ते बघा. हे सगळं जुळत असूनही मधूनमधून चुकत असेल तर आजूबाजूचं वाय-फाय बघा, तेही २.४ गिगाहर्ट्झवरच असतं. कार्यालयात हे हमखास होतं. ट्रिगरमध्ये स्कॅनची सोय असेल तर मोकळा चॅनेल शोधा.

फ्लॅश अगदी जवळ असतानाच चुकतो आणि लांब नेला की उडतो, अशी उलटी तक्रारही येते. एक्सप्रोच्या कस्टम सेटिंगमध्ये अंतराचा पर्याय असतो, १ ते १०० मीटरवरून ० ते ३० वर आणा.

ट्रिगरचे सेल सगळ्यात शेवटी आठवतात, कारण ते महिनोन्महिने चालतात. दोन सेल कॅमेऱ्याच्या बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात कायमचे ठेवून द्या.

घरी आल्यावर फ्लॅश आणि ट्रिगर दोन्हींतून सेल काढा. पावसाळ्यात कोकणातून परतलात तर छत्री उघडीच वाळवा आणि हॉट शूचे ठिपके कोरड्या कापडाने पुसा. काम नसलेल्या महिन्यांतही अधूनमधून फ्लॅशमध्ये सेल घालून तो भरू द्या आणि दहा-बारा वेळा उडवा. आतला कपॅसिटर नुसता पडून राहिला की सुस्तावतो.